गॅलरीतील अंबाडी आणि रस्त्यावरचा दिवा

लिनियसने १७५९ मध्ये अंबाडीचे शास्त्रीय नामकरण केले ते ‘हिबिस्कस कॅनाबिनस’ असे. पहिल्या शब्दाने ती जास्वंदीच्या घरात गेली. दुसऱ्याने भांगेची, म्हणजे कॅनाबिसची, उपमा तिला कायमची चिकटली. वस्तुतः या दोन वनस्पतींचे नाते फार दूरचे आहे. अंबाडी भेंडी आणि कापूस यांच्या कुळातली. भांग ही बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सच्या कुळातली. परंतु हाताच्या बोटांसारखी पसरलेली पाने, त्यांच्या दातेरी कडा, काठीसारखे सरळ वाढणारे खोड, सालीतून निघणारा वाख आणि दिवस लहान होईपर्यंत फुलायचे नाही हा हट्ट, एवढ्या गोष्टी दोघींत सारख्या आहेत. ज्याने ही झाडे जवळून पाहिलेली नाहीत, त्याला रस्त्यावरून फरक कळणे कठीण.

जबलपूरच्या राइट टाउनमध्ये गेल्या पावसाळ्यात हे साम्य एका घराला बरेच जड गेले. स्टेडियमपासून चालत पाच-सात मिनिटांवर एका जुन्या दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका भाड्याने राहतात. माहेर वर्ध्याकडचे. लग्न होऊन जबलपूरला आल्या त्याला आता पन्नास वर्षे होत आली. बाजारात हिंदी आणि घरात वऱ्हाडी वळणाची मराठी, असा तिथल्या अनेक मराठी कुटुंबांचा रिवाज त्यांच्याही घरी आहे. सोबतीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात शिकणारी नात. ज्वारीच्या कण्या घालून केलेली, वरून लसणाची चरचरीत फोडणी दिलेली अंबाडीची भाजी हा आजींचा जीव की प्राण. आणि हवी तशी कोवळी अंबाडी बाजारात मिळत नाही ही त्यांची जुनी तक्रार. म्हणून माहेरहून आलेले पसाभर बी त्यांनी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, पहिला दमदार पाऊस झाल्यावर, गॅलरीत पेरले.

गॅलरी नऊ फूट लांब आणि चार फूट रुंद. वर स्लॅब, तोही नऊ फुटांवर. त्यात रंगाच्या वीस-वीस लिटरच्या सहा रिकाम्या बादल्या, बुडाला भोके पाडून ठेवलेल्या. पाणी तापवायचा बंब, कपड्यांची दोरी आणि एक मोडकी खुर्ची यांनी उरलेली जागा व्यापलेली. शेतात अंबाडी तीन-चार मीटर वाढते. असले झाड अशा जागेत लावणे हे तसे पाहता अविचाराचेच. पण आजींच्या डोळ्यांसमोर झाड नव्हते, भाजी होती, आणि भाजीसाठी वाढवलेली अंबाडी सहसा उंच होतच नाही.

याचे कारण भाजी खुडण्यात आहे. सहापैकी चार बादल्यांतील रोपे वीतभर झाली तेव्हापासून आजी दर चार-आठ दिवसांनी त्यांचे कोवळे शेंडे खुडत होत्या. शेंडा हा झाडाचा नुसता टोकाचा भाग नसतो; तिथे तयार होणारे ऑक्झिन नावाचे संप्रेरक खोडातून खाली झिरपत असते आणि पानांच्या बगलेतल्या निद्रिस्त कळ्यांना जागे होऊ देत नसते. केनेथ थिमन आणि फोल्के स्कूग यांनी १९३३ मध्ये घेवड्याच्या जातीच्या रोपांवर हे दाखवून दिले. शेंडा कापला की बगलेतले कोंब फुटतात. मात्र कापलेल्या जागी ऑक्झिन लावले, तर झाडाला शेंडा शाबूत असल्यासारखे वाटते आणि कोंब फुटत नाहीत. पुस्तकात याला अग्रप्राबल्य म्हणतात. ज्या स्वयंपाकघरात अंबाडी, चवळी किंवा हरभऱ्याची भाजी खुडली जाते, तिथे या ज्ञानाला नाव नव्हते एवढेच. एक शेंडा घेतला की दोन-तीन फुटवे येतात, तेही खुडले की आणखी. उंचीकडे जाणारी वाढ रुंदीकडे वळते आणि झाड कमरेच्या वर जात नाही. थोड्या जागेत उंच जातीचे झाड वाढवण्याची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात स्वस्त युक्ती हीच. जगात जिथे भांग घरी लावायला कायद्याने मुभा आहे, तिथले हौशी लोक आपल्या उंच वाणांवर नेमके हेच करतात आणि त्याला मोठमोठी नावे देतात.

उरलेल्या दोन बादल्यांतील रोपे मात्र आजींनी बियाण्यासाठी राखली होती. त्यांना हात लावायचा नाही असे ठरले होते. ऑगस्टच्या मध्यापर्यंत ती दोन्ही माणसाच्या उंचीची झाली. एक गॅलरीच्या रस्त्याकडच्या टोकाला, दुसरे भिंतीच्या आडोशाला. खालच्या गोलसर पानांच्या वर आता पाच-पाच, सात-सात बोटांची पाने आली होती आणि कठड्यावरून डोकावू लागली होती.

समोरच्या घरातील गृहस्थांनी ती पाहिली. त्यांनी मोबाइलवर फोटो काढला, वनस्पती ओळखणाऱ्या एका ॲपला दाखवला. ॲपने दिलेल्या पर्यायांत पहिले नाव भांगेचे होते. केवळ पानाच्या आकृतीवरून ओळख पटवणाऱ्या यंत्रणेने लिनियसचीच उपमा पुन्हा दिली, असे म्हणता येईल. फरक इतकाच की लिनियसला ती उपमा आहे हे ठाऊक होते. संध्याकाळी तो फोटो गल्लीतल्या व्हॉट्सॲप गटात आणि तासाभरात घरमालकांच्या हाती पोहोचला.

घरमालक तळमजल्यावर राहतात. मनुष्य सज्जन, आजींकडे त्यांचा मुलगा गणित शिकून गेलेला. दाराशी उभे राहूनच ते म्हणाले, “आंटीजी, बुरा मत मानिएगा. ये पौधे हटवा दीजिए. कल को कोई पूछने आ गया तो मैं क्या जवाब दूँगा?”

“अहो भैया, सब्जी है ये. अंबाडी. खट्टी लगती है, खाकर देखिए,” असे म्हणत आजींनी एक पान तोडून पुढे केले. घरमालक एक पाऊल मागे सरले. ज्या पानाची शंका आहे तेच पान खाऊन शंका दूर करा, ही सूचना तर्कदृष्ट्या निर्दोष असली तरी व्यवहारात कोणी मान्य करील असे नाही.

त्यांच्या भीतीला आधार नव्हता असे म्हणता येत नाही. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने भांगेच्या झाडाची विनापरवाना लागवड हा गुन्हा ठरवला आहे. त्याच्या विसाव्या कलमान्वये लागवडीस दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. झाड एक आहे की शेतभर, घरच्या कुंडीत आहे की रानात, असा भेद ते कलम करीत नाही. आणि पंचविसावे कलम म्हणते की आपल्या जागेत असा गुन्हा जाणूनबुजून होऊ देणाऱ्या मालकालाही तीच शिक्षा. फोटो गटात आल्यानंतर ‘मला माहीत नव्हते’ असे म्हणण्याची सोय घरमालकांना राहिली नव्हती.

या कायद्याची गंमत अशी, की त्यात गांजाची जी व्याख्या आहे ती झाडाच्या फुलोऱ्याची आहे. फुलोऱ्याशिवायची पाने आणि बिया तीतून वगळलेल्या आहेत. म्हणूनच मध्य प्रदेशात भांगेची परवानाधारक सरकारी दुकाने चालतात, आणि म्हणूनच जे पान दुकानात विकत घेता येते ते गॅलरीत उगवता येत नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हाच मुलूख मध्य प्रांतात होता, तेव्हा निमाड जिल्ह्यात खंडव्याकडे सरकारी देखरेखीखाली गांजाची शेती होत असे. १८९३-९४च्या भारतीय भांग आयोगाने तिची आणि मुंबई इलाख्यातल्या अहमदनगरकडील शेतीची सविस्तर नोंद केली आहे. हजाराहून अधिक साक्षीदार तपासून त्या आयोगाने बंदी नको, नियंत्रण हवे, असा अभिप्राय दिला होता. आज धाग्यासाठी व बियांसाठी लागवडीला परवानगी देण्याची तरतूद कायद्याच्या चौदाव्या कलमात आहे, आणि २०१८मध्ये उत्तराखंड अशी परवानगी देणारे पहिले राज्य ठरले. पण राइट टाउनमधल्या घरमालकाला या इतिहासाचा काही उपयोग नव्हता. त्यांना हवे होते ते एकच: झाड जाणे, किंवा शंका जाणे.

नातीने त्याच रात्री दोन्ही झाडांचा फरक कागदावर लिहून काढला. भांगेचे पान संयुक्त असते: देठाच्या टोकाशी एका बिंदूतून सुट्या पर्णिका फुटतात, आणि एक पर्णिका काढली तरी बाकीच्या जागेवर राहतात. अंबाडीचे पान एकच. ते कितीही खोल कापलेले दिसले तरी सगळी बोटे तळाशी एका पात्यात जोडलेली असतात. अंबाडीच्या खोडावर हाताला टोचणारे बारीक काटे असतात; पानाच्या मागे मधल्या शिरेवर, देठाजवळ, मधाची एक छोटी ग्रंथी असते. भांगेला उग्र वास, अंबाडीला वास जवळजवळ नाहीच, चव आंबट. हे सगळे बरोबर होते. पण ते समोरच्या गृहस्थांना दाखवायला गेल्यावर त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “बेटा, पत्ती तो वही है.” ज्याने मनाशी एक आकृती धरली आहे, त्याला पर्णिका आणि पाते यांतला भेद सूक्ष्म वाटतो. शहरात कृषी विश्वविद्यालय आहे, तणांवर संशोधन करणारे राष्ट्रीय संचालनालय आहे. तिथे जाऊन कोणाकडून तरी लिहून आणावे, असेही घरात निघाले. आजींनी ते साफ नाकारले. “भाजीचं सर्टिफिकेट आणू? उद्या कोथिंबिरीचं मागतील.”

एका गोष्टीवर मात्र कोणाचा वाद होऊ शकला नसता, आणि ती म्हणजे फूल. भांगेचे फूल हिरवट, बारीक, पाकळ्यांवाचून. अंबाडीचे तळहाताएवढे, फिकट पिवळे, मध्यभागी गर्द तांबडा डाग, अगदी भेंडीच्या फुलाची थोरली बहीण. आजींनी घरमालकांना शब्द दिला: फूल येईपर्यंत थांबा. घरमालकांनी दसऱ्यापर्यंत मुदत दिली.

अडचण अशी की अंबाडी दसऱ्याआधी फुलेल याची खात्री नव्हती.

जबलपूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे. जूनच्या अखेरीस तिथला दिवस सुमारे साडेतेरा तासांचा असतो आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो साडेबारा तासांवर येतो. अंबाडीचे पुष्कळ वाण साधारण त्याच सुमारास फुलण्याची तयारी सुरू करतात. त्यानंतर कळी दिसायला काही आठवडे, कळी उमलायला आणखी काही. म्हणजे ऑक्टोबर उजाडणार, कदाचित अर्धा जाणारही. झाडाला मुदत कळत नाही. त्याला कळते ती रात्र.

हे कळते, याचा पहिला शोध योगायोगाने भांगेवरच लागला आहे. पॅरिसमध्ये ज्युलियन तुर्न्वा हा तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ जपानी हॉप्स आणि भांग या दोन झाडांवर काम करीत होता. हिवाळ्यात काचघरात पेरलेली रोपे लहानपणीच, हातभर होण्याआधी, फुलतात हे त्याने पाहिले. उष्णता, ओल, माती यांचे कारण तपासून बाजूला काढल्यावर त्याच्याकडे उरला तो प्रकाशाचा काळ. १९१२मध्ये त्याने तसे प्रसिद्ध केले, आणि १९१४मध्ये आणखी एक पाऊल पुढे जाऊन लिहिले की कारण दिवस लहान होणे हे नसून रात्र लांबणे हे असावे. त्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले आणि तो त्यात मारला गेला. विज्ञानाच्या इतिहासात त्याच्या वाट्याला आलेली जागा त्याच्या निरीक्षणाच्या मानाने फार लहान आहे.

पुढे १९२०मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातील गार्नर आणि अलार्ड यांनी ही गोष्ट पक्की केली. त्यांचीही सुरुवात एका न मावणाऱ्या झाडापासून झाली. ‘मेरीलँड मॅमथ’ नावाची तंबाखूची जात उन्हाळ्यात शेतात वाढतच राही, दहा-पंधरा फूट उंच होई, पण फुलत नसे. थंडीपूर्वी बी धरत नसे. तीच हिवाळ्यात काचघरात ठेवली की बुटकी असतानाच फुले. त्यांनी एक अंधारी झोपडी बांधली आणि ऐन जुलैत रोपे रोज दुपारी आत, सकाळी बाहेर, असा क्रम चालवला. दिवस कृत्रिमरीत्या लहान झाला आणि झाडे फुलली. उंची हा त्या जातीचा ठरलेला आकडा नव्हताच. फुलण्याचा हुकूम येईपर्यंत जेवढे दिवस मिळतील तेवढी ती वाढत होती.

नातीला ही गोष्ट पाठ्यपुस्तकातल्या एका परिच्छेदापुरती ठाऊक होती. आता तिने ती पुन्हा वाचली, आणि १४ ऑगस्टपासून गॅलरीत अंधारी झोपडी उभी राहिली. माणसाएवढी झाडे झाकणे शक्य नव्हते. म्हणून खुडलेल्या चारांपैकी एक, कमरेइतके उंच रोप निवडले. फ्रिजचा जुना पुठ्ठ्याचा खोका मिळवला, आतून काळे प्लॅस्टिक लावले. हवा खेळावी म्हणून खालच्या बाजूला भोके पाडली आणि त्यांतून उजेड शिरू नये म्हणून प्रत्येक भोकापुढे पुठ्ठ्याची आडवी पट्टी चिकटवली. रोज संध्याकाळी पाच वाजता खोका घालायचा, सकाळी आठ वाजता काढायचा. पंधरा तासांची रात्र. पावसाळ्यातला दमटपणा लक्षात घेता ही भोके नसती तर पहिल्या आठवड्यातच पाने कुजली असती.

आजींना हा प्रकार पसंत नव्हता. “अगं, चांगल्या पानावर आलेलं झाड कोंडून ठेवलंस,” असे त्या दोन-तीनदा म्हणाल्या. त्यांची नाराजी शास्त्रशुद्ध होती. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्याअखेर त्या रोपाच्या पानांच्या बगलेत लहान हिरव्या कळ्या दिसल्या. आणि त्याच वेळी नवी पाने लहान आणि राठ येऊ लागली. झाडाची शक्ती फुलोऱ्याकडे गेली होती. “भाजीचं झाड अकाली म्हातारं केलंस,” हा आजींचा शेरा दीप्तिकालितेवरच्या कित्येक व्याख्यानांपेक्षा नेमका आहे.

यादरम्यान बिनखुडलेली दोन झाडे आपल्या वाटेने वाढत होती. जागा थोडी असली की उंच झाडापुढे दोन संकटे उभी राहतात. एक मुळांचे. कुंडीच्या आकाराचा वाढीवर काय परिणाम होतो यावरच्या ६५ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१२मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की कुंडीचे आकारमान दुप्पट केले की झाडाचे वजन सरासरी ४३ टक्क्यांनी वाढते. वीस लिटरच्या बादलीतली अंबाडी शेतातल्यासारखी कधीच होणार नाही, हे त्यावरून उघड आहे. दुसरे संकट खोडाचे, आणि ते शुद्ध यंत्रशास्त्राचे आहे. स्वतःच्या वजनाखाली वाकू नये इतपत खांब किती उंच असू शकतो, याचे गणित ग्रीनहिलने १८८१मध्ये मांडले. उंची दुप्पट करायची तर बुंधा दुप्पट नव्हे, सुमारे २.८ पट जाड लागतो. गॅलरीतल्या झाडाला एकाच बाजूने ऊन मिळते. ते उजेडाकडे ओढ घेत उंच होते, पण वाऱ्याचे धक्के कमी बसल्याने बुंधा तितका जाड होत नाही. आजींनी गणित न करता दोन्ही झाडांना कपड्यांच्या दोरीशी सुतळीने सैल बांधून टाकले.

झाकलेल्या रोपाचे पहिले फूल दसऱ्याला थोडेच दिवस उरले असताना उमलले. घरमालकांना संध्याकाळी, ते कामावरून परतल्यावर, वर बोलावले. पाहतात तो फूल मिटून चिरमटलेले. अंबाडीचे फूल पहाटे उमलते आणि दुपारपासून मिटू लागते, ही गोष्ट घाईत कोणाच्या लक्षात राहिली नव्हती. घरमालक काही बोलले नाहीत, पण जिना उतरताना त्यांचा चेहरा फारसा आश्वस्त नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला नात त्यांना पुन्हा घेऊन आली. त्या वेळी दोन फुले पूर्ण उमललेली होती. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “अरे, ये तो भिंडी का फूल है!” मग स्वतःहून समोरच्या गृहस्थांना हाक मारून गॅलरीतूनच फूल दाखवले. ते गृहस्थ चष्मा नीट करून पाहत होते. गटातला तो फोटो त्यांनी पुढे काढून टाकला. त्याखाली खुलासा मात्र लिहिला नाही. असे खुलासे क्वचितच लिहिले जातात.

प्रकरण इथे मिटले. झाडांची गोष्ट मात्र इथे मिटली नाही, आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी लक्ष द्यावे असा भाग पुढचाच आहे.

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात भिंतीच्या आडोशाच्या उंच झाडाला, काही न झाकता, आपोआप कळ्या आल्या. ते साडेसात फुटांच्या आसपास होते आणि त्याची वाढ मंदावली. रस्त्याकडच्या झाडाला कळीचा मागमूस नव्हता. बी तेच, माती तीच, पेरणीचा दिवस तोच, दोघांत अंतर जेमतेम सात-आठ फुटांचे. रस्त्याकडचे झाड वाढतच राहिले. शेंडा स्लॅबला टेकला, आडवा झाला आणि तसाच पुढे सरकू लागला. नातीने प्रथम खताचा, मग पाण्याचा संशय घेतला. उत्तर तिला रात्री पाणी प्यायला उठल्यावर सापडले. गॅलरीच्या त्या टोकासमोर रस्त्यावरचा पांढरा एलईडी दिवा आहे. रात्री एक वाजता त्या झाडाच्या पानांवर पुस्तकातले मोठे अक्षर वाचता येईल इतका उजेड होता. भिंतीकडच्या झाडावर सावली.

कार्ल हॅमनर आणि जेम्स बॉनर यांनी १९३८मध्ये झॅन्थियम या तणावर असे दाखवले होते की लांब रात्रीच्या मध्यावर केवळ एक मिनिट उजेड दिला तरी झाड फुलत नाही. उलट दिवसाच्या मध्ये अंधार घातला तर काही बिघडत नाही. झाड दिवस मोजत नसून अखंड अंधार मोजते, ही तुर्न्वाची अटकळ तिथे सिद्ध झाली. पुढे त्या उजेडात नेमका कोणता रंग काम करतो ते शोधले गेले. ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश रात्र ‘मोडतो’, आणि लगेच त्यामागून ७३० नॅनोमीटरचा दूरलाल प्रकाश दिला तर मोडलेली रात्र पुन्हा जोडली जाते. दोन रूपांत असे अदलाबदल करणारे रंगद्रव्य पानात असले पाहिजे, हे बॉर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२पासूनच्या प्रयोगांत मांडले आणि १९५९मध्ये ते द्रव्य प्रत्यक्ष हाती आले. त्याचे नाव फायटोक्रोम. मापन मात्र एवढ्यावर संपत नाही: झाडाचे स्वतःचे चोवीस तासांचे घड्याळ चालू असते आणि उजेड त्या घड्याळाच्या कोणत्या प्रहरी पडला यावर त्याचा अर्थ ठरतो.

पौर्णिमेचे चांदणे एक लक्ससुद्धा भरत नाही. रस्त्यावरच्या दिव्यापासून काही मीटरवर त्याच्या कितीतरी पट प्रकाश असतो, आणि पांढऱ्या एलईडीत लाल रंगाचा अंश असतोच. राइट टाउनमधल्या त्या टोकाच्या बादलीत जूननंतर एकदाही खरी रात्र झालेली नव्हती. कॅलेंडरवर ऑक्टोबर होता, झाडाच्या लेखी अजून आषाढच. आपल्या शहरांत रात्रीचा उजेड वाढत आहे याची चर्चा बहुधा तारे दिसेनासे झाले या अंगाने होते. ज्यांची पिके, शेवंती, तूर किंवा अंबाडी, रात्र मोजून फुलतात त्यांच्या कुंपणाशेजारी दिव्याचा खांब आला तर काय होते, याची चर्चा फार कमी होते.

नातीने गॅलरीच्या त्या टोकाला गोणपाटाचा पडदा बांधला. गोणपाटात तागाबरोबर पुष्कळदा मेस्ता, म्हणजे अंबाडीचाच धागा, मिसळलेला असतो. तेव्हा अंबाडीला अंबाडीच्याच आडोशाने रात्र मिळाली असण्याची शक्यता आहे. पडदा रोज सूर्यास्ताला सोडायचा, सकाळी गुंडाळायचा. नोव्हेंबरच्या मध्यावर त्या झाडाला कळ्या दिसू लागल्या. तोवर ते स्लॅबखाली आडवे वाढून दोन हात पुढे गेले होते.

उशीर मात्र भरून निघाला नाही. भिंतीकडच्या झाडाची बोंडे डिसेंबरात वाळली. आजींनी ती झोडपून वाटीभर टपोरे, करड्या रंगाचे बी काढले. रस्त्याकडच्या झाडाला मोजून अकरा बोंडे धरली आणि जबलपूरच्या थंडीत ती नीट भरलीच नाहीत. बहुतेक बी हाताला हलके लागले. आजींनी दोन्ही वेगवेगळ्या पुरचुंड्यांत बांधले. जड बी पेरायला. हलके बी नातीने मागून घेतले आहे; त्यातले किती उगवते ते तिला पाहायचे आहे. उंच झाडांची वाळलेली खोडे आजींनी पाण्याच्या टाकीत कुजवत ठेवायला काढली होती, वाखासाठी; पण त्या वासाला घरमालकांनी हात जोडले. यंदाच्या जूनमध्ये बियाण्याची बादली भिंतीकडेच राहील, आणि दिव्यासमोरच्या टोकाला खुडायची अंबाडी येईल. तिथे ती उशिरापर्यंत कोवळी पाने देते, हे आजींच्या आधीच लक्षात आले होते. घरमालकांनी त्यातली एक जुडी आपल्यासाठी राखून ठेवायला सांगितली आहे.